पहिली खेप

"ह्यो पण?" जितूनं विचारलं.

सत्यवानानं नुसती मान हलवली. शर्ट, पट्टा, घड्याळ, पाकीट, सगळं टेबलावर आलं होतं. तुरुंगाच्या झडतीच्या खोलीत जितू आता आखूड चड्डीवर उभा होता. अंगावर उरला होता तो कमरेचा काळा करगोटा.

"अंगार दोरो ठेवक देणत नाय हयसर," सत्यवान म्हणाला. "कोणाकच नाय. नियम आसा."

"आवशीन बांधलेलो आसा, सत्यादा."

"म्हायत आसा."

"ह्यो माणूस मेल्यावर तोडतत."

हे सत्यवानाला कुणी सांगायला नको होतं. किनाऱ्यावर जन्मलेल्या मुलाच्या कमरेला आई दोरा बांधते. तो झिजला की दुसरा बांधला जातो, पण कंबर रिकामी राहत नाही. ती रिकामी होते ती तिरडीवर निजवताना. सत्यवानानं तुरुंगातल्या आपल्या नोकरीत कितीतरी करगोटे कापले होते आणि टेबलाखालच्या डब्यात टाकले होते. त्यात त्याला कधी काही वाटलं नव्हतं, निदान तसं तो घरी सांगत असे. पण जितू त्याच्याच गावचा, त्याच्याच वाडीतला. लहानपणी दोघं एकाच रापणीच्या जाळ्याचा दोर किनाऱ्यावरून ओढायला उभे राहत, सत्यवान पुढं आणि त्याच्या अर्ध्या वयाचा जितू मागं.

त्यानं कात्री घेतली आणि अगदी गाठीला लागून दोरा कापला, लांबी वाया जाऊ नये म्हणून. मग डब्याकडे गेलेला हात त्यानं मागं घेतला आणि दोरा घड्याळाबरोबर जितूच्या सामानाच्या पिशवीत ठेवला.

"याआधी कधी आत आला होता?" टेबलामागच्या कारकुनानं न बघताच विचारलं.

"नाही," जितू म्हणाला. कचेरीतल्या माणसाशी बोलताना त्याचीही भाषा बदले.

"पहिलीच खेप," सत्यवान म्हणाला.

सत्यवानाची बहुतेक नोकरी ओरोसच्या तुरुंगाच्या या फाटकावर गेली. पूर्वी इथं येणारी माणसं ठरलेली असत. हातभट्टीवाला, गोव्याची दारू पोत्यातून आणणारा, दुसऱ्याच्या बागेतले नारळ रात्रीत उतरवणारा, बाजाराच्या दिवशी हटकून कुणाच्या तरी अंगावर जाणारा. ती यायची, सुटायची, पुन्हा यायची. एकजण तर दर पावसाळ्यात घर गळतं म्हणून आत येतो, अशी त्याची थट्टा चाले. फाटकातून शिरताना ही माणसं "काय दादानू, बरे मां?" म्हणून विचारत आणि कुठं उभं राहायचं, हात कधी वर करायचे, हे त्यांना सांगावं लागत नसे.

आता तसं राहिलं नव्हतं. आता येणारा जवळजवळ प्रत्येक जण नवखा. मोबाइलवर ओळख झालेल्या कुणाला तरी आपलं बँकेतलं खातं वापरायला देऊन बसलेली कॉलेजची पोरं. पर्यटक आले, जमिनीला सोन्याचा भाव आला, तशी बांधावरून सख्ख्या भावावर कोयता उचललेली साठीची माणसं. आणि समुद्रावरची माणसं. बाहेरच्या मोठ्या बोटी किनाऱ्याला चिकटून मासळी ओरबाडून नेऊ लागल्या, तशी ज्यांच्या घरातल्या कुणी पोलीस ठाण्याची पायरी पाहिली नव्हती असे रापणकरही आत येऊ लागले.

तुरुंगाचे नवे साहेब वयानं सत्यवानाच्या मुलाएवढे. एकदा चहा घेता घेता म्हणाले, "हवालदार, पहिल्यांदाच येणारे इतके का वाढलेत? वरून विचारणा आहे. तुम्ही एवढी वर्षं बघताय, तुम्हाला काय वाटतं?"

"काय सांगू, साहेब," सत्यवान म्हणाला. त्याला एवढंच ठाऊक होतं की फाटक बंद होताना नवखा माणूस मागं वळून बघतो आणि सराईत माणूस बघत नाही.

जितूनं दोनदा वळून पाहिलं होतं.

सत्यवानाचं गाव आचऱ्याच्या पुढं, खाडीच्या काठाला. काही वर्षांनी एकदा, मार्गशीर्षाच्या सुमाराला, देवाचा कौल झाला की तिथं गावपळण होते. तीन दिवस नि तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो. म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, गाईम्हशी, कुत्री, कोंबड्या, कुणी म्हणून मागं राहायचं नाही. घराला कड्या घालायच्या आणि माळावर झावळ्यांच्या खोपी उभारायच्या. त्या दिवसांत गावात देव फिरतो, माणसानं तिथं थांबायचं नाही. मुंबईचे चाकरमानीही रजा काढून येतात, खोपीखोपीत जेवणं उठतात, रात्री भजनं होतात. गावपळण म्हणजे मौजच असते.

यंदाच्या गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीनंतर, शेजारच्या बंदरावर बाहेरच्या एका बोटीला कुणीतरी आग लावली. बोटीवरचा एक खलाशी भाजला. जमाव मोठा होता, अंधार होता. पण मच्छीमारांच्या प्रत्येक मोर्चात माइक जितूच्या हातात असायचा, त्यामुळं तक्रारीत पहिलं नाव त्याचं आलं. पोलिसांनी विचारलं, त्या रात्री कुठं होतास? जितू म्हणाला, आजारी आईला घेऊन सावंतवाडीला मावशीकडे गेलो होतो. पोलीस सावंतवाडीला गेले. मावशी बिचारी सरळ बाई. ती म्हणाली, दिवाळीपासून बहिणीचं तोंड पाहिलं नाही. खोटं बोलतो म्हणजे आग यानंच लावली, असं मग सगळ्यांनीच धरलं. बाकीच्यांना हळूहळू जामीन मिळाला, जितूचा अर्ज फेटाळला गेला.

सत्यवानाला यात एक गोष्ट खटकत होती. गावपळणीच्या तिसऱ्या दिवशी तो सुट्टी काढून माळावर जेवायला गेला होता. त्यालाही जितूच्या बायकोनं, सारिकानं, हेच सांगितलं होतं, की ते आईला घेऊन सावंतवाडीला गेलेत. सांगताना ती चुलीतली लाकडं उगीचच मागंपुढं करत होती.

एके दुपारी आवारातल्या जांभळाखाली जितू एकटा बसला होता. सत्यवान जवळ जाऊन उभा राहिला.

"खोटां कित्याक सांगलंस, जितू? बोट तू जाळूक नाय, ह्यां माका कळता. मगे खंय होतस?"

जितूनं पायाशी पडलेलं पान उचलून चुरगळलं.

"घराक," तो शेवटी म्हणाला.

"खंयच्या घराक?"

"आमच्या. गावात."

सत्यवान शेजारी बसला. ड्यूटीवर असं बसायचं नसतं.

"आयेक आंथरुणातच सगळां करूचा लागता, तुका म्हायत आसा," जितू सांगू लागला. "घरात दार लावलां की झालां. खोपीत खंयचा दार? चटयेचो आडोसो. भायर पोरां खेळतत, बाजूक बायो जेवण करतत. सारिका तिची लुगडी बदली तेव्हा आये तोंडार पदर घेय. जल्मात कोणासमोर पाय उघडो पडाक देवक नाय तिना. दुसऱ्या दिसाक माका म्हणाली, 'जितू, माका घराक व्हर. देवाक काय सांगूचा ता मी सांगतलंय.' काळोख पडल्यार पाठीर घेतलंय आणि खाडयेच्या कडेन व्हेलंय."

"कोणी बघूक नाय?"

"कोण बघतलो? गावात दिवो नाय, कुत्रो नाय, कोंबोसुद्धा नाय. पान पडला तरी आयकाक येय. मी घाबारलंय, सत्यादा, खोटां कित्याक सांगू. आये मात्र गप निजली. म्हणता कशी, 'खिडकी उघडी ठेव. देव हयसून जातलो तर दोन शब्द बोलाचे आसत.'"

"ह्यां वकिलाक सांग. आजच सांग."

"आणि मगे? कोर्टात सांगलंय म्हणजे गावाक कळलां. गावपळण आमी मोडली. गावपळणीमागसून परबांची गुरां मेली, सत्यवतीच्या घोवाची होडी उलाटली, सगळां आमच्यार येतला. माझ्यार येवंदे, मी सोसतलंय. पण आये आज-उद्याची आसा. ती गेली तर तिका खांदो देवक कोण येतलो? मी एकटो व्हरू तिका? पाठीर घेवन?"

जितूनं सत्यवानाचा हात धरला.

"तू गावात बोलाचा नाय. शपथ आसा तुका."

त्यानं शपथ घेतली. दुसरं काय करणार?

आठवड्याची सुट्टी आली तसा तो एसटीनं गावी गेला. जितूच्या आईला, सुभद्राकाकीला, नुसतं बघून यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. काकी खिडकीजवळच्या खाटेवर होती. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे तेवढे पूर्वीचेच. जितू कारवारच्या बाजूला एका बोटीवर कामाला गेलाय, असं घरच्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. तिनं सत्यवानाला ओळखलं, मुलाबाळांची चौकशी केली, आणि मग छताकडे बघत म्हणाली, "माझो झील येवक नाय अजून."

तिला बरं वाटावं म्हणून सत्यवान बोलून गेला, "जितू बरो आसा, काकी. पोटभर जेवता, काय काळजी करू नको."

काकीनं मान वळवली.

"कारवारात जेवता, ता तुका ओरोसाक कसां दिसलां?"

सत्यवानानं खाली बघितलं. आतल्या चुलीवर पेज ढवळणारा सारिकाचा हात थांबला.

"कित्याक धरल्यानी त्याका?" काकीनं विचारलं.

सारिका पदरानं हात पुसत बाहेर आली, खाटेच्या पायाशी बसली आणि रडत रडत तिनं सगळं सांगितलं. बोटीचं, सावंतवाडीचं, फेटाळलेल्या अर्जाचं. सत्यवानानं शपथ मोडली नव्हती, पण आपण ती पाळली असंही त्याला म्हणवत नव्हतं.

काकी रडली नाही. तिला राग आला होता. "म्हातारेच्या अब्रूसाठी तरणो झील तुरुंगात घालून बसलास? काशिनाथाक बोलव, सत्या. आताच्या आता."

काशिनाथ गावकर गावच्या मानकऱ्यांतला सगळ्यात वडील. देवळात कौल घ्यायला उभा राहतो तो तोच, आणि गावपळणीचा शब्दही त्याच्याच तोंडून गावाला कळतो. तो काठी टेकत आला, खुर्चीवर बसला. सारिकानं चहा आणून ठेवला.

"काशिनाथा," काकी म्हणाली, "गावपळणीत मी गावात होतंय. ह्या खाटीर. दुसऱ्या रातीपासून."

काशिनाथाचा कपाकडे गेलेला हात तिथंच राहिला.

"झिलाचो दोष नाय. मीच त्याका व्हर म्हणान सांगलंय. बोट जळली तेव्हा तो माझे पाय चेपीत बसलेलो. आता तू गावाक सांग, कोर्टाक सांग. देवाक मी त्याच राती सांगलेला आसा."

"देवाक?" काशिनाथानं हळूच विचारलं.

"खिडकी उघडी होती मां. म्हटलां, माझ्या लाजेपायी इल्लंय. शिक्षा देवची तर माका दी, पोराक नको."

काशिनाथ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला. मग उठला आणि निघून गेला. चहा तसाच राहिला. सारिका त्या भरल्या कपाकडे बघत राहिली आणि सत्यवानाला तिच्याकडे बघवेना.

पुढचे दिवस वाईट गेले. सत्यवानाची बायको गावाहून फोनवर सांगे ते ऐकून त्याला जेवण जात नसे. देवळात दोनदा माणसं जमली होती. कुणी म्हणे गुरं मेली ती यामुळंच, कुणी म्हणे म्हातारीच्या जागी आपली आई असती तर? नळावर सारिका आली की बायका गप्प होत. काशिनाथ काहीच बोलत नव्हता, रोज देवळात जाऊन बसत होता. इकडे सारिकाच्या जबाबावर वकिलानं नवा अर्ज केला आणि जितूला येऊन सगळं सांगितलं.

त्या संध्याकाळी बराक बंद करताना जितू गजाला धरून उभा होता.

"तू गेलंस मां तिच्याकडे," तो म्हणाला.

सत्यवानानं कुलूप लावलं. त्यानंतर जितू त्याच्याशी बोलला नाही. सकाळच्या मोजणीला तो त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघे. सत्यवानानंही कधी स्वतःची बाजू मांडली नाही. गावातल्या माणसानं गावातल्या माणसाकडे असं बघावं, हे मात्र त्याला फार लागलं.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे सुभद्राकाकी गेली.

साहेबांनी जितूला आपल्या खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सांगितलं. कोर्टाला सुट्टी होती. वकिलानं धावपळ केली, पण सोमवारच्या आत परवानगी हाती येण्याची आशा नव्हती आणि काकीला तोवर ठेवणं शक्य नव्हतं. जितू खुर्चीच्या कडेला धरून बसून राहिला.

सत्यवानानं रजा टाकली आणि पहिली एसटी पकडली. वाटेत त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. एक खांदा आपला. एक सारिकाच्या भावाचा. तिसरा कदाचित जितूच्या चुलतभावाच्या मुलाचा. चौथा कुठून आणायचा? आपल्या भावाला दटावून उभं करायचं का? आणि त्यानं नाही म्हटलं तर? खिडकीबाहेर माड मागं जात होते आणि सत्यवान पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.

मंगळवारी जितूचा जामीन झाला. सत्यवान त्याच सकाळी परत कामावर हजर झाला होता.

झडतीच्या त्याच खोलीत, त्याच टेबलावर, सत्यवानानं जितूच्या सामानाची पिशवी रिकामी केली. पट्टा, घड्याळ, आणि शेवटी काळा दोरा. जितूनं घड्याळ हातात घेतलं, पण बांधलं नाही.

"अग्नी कोणी दिलो?" त्यानं विचारलं. कितीतरी दिवसांनी तो सत्यवानाशी बोलत होता.

"तुझ्या पुतण्यान."

जितूनं मान हलवली. घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. विचारायचं होतं ते त्याच्या तोंडून निघत नव्हतं. शेवटी खालीच बघत म्हणाला, "खांद्याक?"

"माका खांदो गावलो नाय, जितू."

जितूनं वर पाहिलं.

"म्हणजे?"

"म्हणजे माका जागाच गावली नाय," सत्यवान म्हणाला. "घरापासून मसणापर्यंत माणसां बदलत होती. अख्खो गाव इल्लो. परब इल्ले, सत्यवतीचो घोव इल्लो. मी मागसून चलत होतंय, खंय तरी हात लावक मेळात म्हणान. शेवटाक वळणार जरासो बांबू धरूक गावलो."

"काशिनाथतात्या?"

"पुढच्या खांद्याक होते. ह्या वयात. कोणी सोडा म्हटलां तर आयकणत नाय. तुझो जामीनय त्यांनीच घेतल्यानी. भायर उभे आसत बघ."

जितू स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला. मोठ्यानं, लहान मुलासारखा. टेबलामागचा कारकून उठून बाहेर गेला. सत्यवानानं त्याला रडू दिलं.

मग जितू उठला, तोंड पुसलं आणि टेबलावरचा दोरा उचलून सत्यवानापुढं धरला. शर्ट वर केला.

"बांध."

"तोडलेलो दोरो हा, जितू. तोटको पडतलो. घराक जावन नवो बांध."

"तिना बांधलेलो आसा. ह्योच बांध."

सत्यवान गुडघ्यावर बसला. दोरा त्यानं जितूच्या कमरेभोवती फिरवून पुढं आणला. त्याला वाटलं होतं, टोकं एकमेकांना लागणारसुद्धा नाहीत. पण ती आली, एकमेकांवरून गेली आणि वर चांगली वीतभर उरली. जितू आत एवढा वाळला होता, रोज बघूनही ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानं घट्ट गाठ मारली. कात्री टेबलावरच होती. उरलेला दोरा त्यानं कापला नाही, कमरेभोवती आत खोचून ठेवला.